उत्तर ठाऊक असलेली प्रॅक्टिकलं

बीएस्सी मायक्रोच्या प्रॅक्टिकल परीक्षेत विद्यार्थ्याच्या हातात एक स्लँट, म्हणजे तिरप्या माध्यमावर जिवाणू वाढवलेली परीक्षानळी, येते. त्यावर ‘अ’ किंवा ‘ब’ लिहिलेलं असतं आणि आत कोणता जिवाणू आहे ते ओळखायचं असतं. ग्राम स्टेनिंग करायचं, चलनशीलता बघायची, वेगवेगळ्या साखरा लावायच्या, इमविकच्या चार चाचण्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी नाव सांगायचं. हे नाव सहसा चार-पाचांच्या बाहेर जात नाही: ई. कोलाय, स्टॅफिलोकोकस, बॅसिलस, स्युडोमोनास, फार तर प्रोटियस. प्रोटियस असला तर प्लेटवर लाटांसारखी वाढ पसरते आणि त्याचा वासही लपत नाही, त्यामुळे पहिल्या बॅचची पोरं बाहेर येण्याआधीच व्हरांड्यात बातमी पोचलेली असते. बाहेरून आलेले परीक्षकही हसून सोडून देतात. तीन वर्षांच्या शिक्षणाचा शेवट असा, ज्याचं उत्तर परीक्षकाला, शिक्षकाला, प्रयोगशाळा सहायकाला आणि निम्म्या वर्गाला आधीच ठाऊक आहे अशा प्रश्नाने होतो.

हे जळगाव-धुळ्यापुरतं नाही, सगळीकडे असंच चालतं. तरी मी खानदेशाबद्दलच बोलणार आहे, कारण इथे ते जास्त खटकतं. विज्ञानाच्या बाकीच्या शाखांना मोठी यंत्रं लागतात. कणभौतिकीतला नवा प्रश्न अमळनेरच्या कॉलेजात बसून सोडवता येणार नाही, हे मान्य. सूक्ष्मजीवशास्त्राला मात्र एक ऑटोक्लेव्ह, एक इन्क्युबेटर, बरा मायक्रोस्कोप आणि एक जिज्ञासू माणूस एवढ्यावर खरं काम करता येतं, आणि प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर जे आहे ते कुणी नीट तपासलेलं नसतं. छोट्या गावातल्या विद्यापीठाने जगाच्या बरोबरीने उभं राहावं असा एखादा विषय असेल तर तो हाच. आपण तो परगावच्या नोकरीसाठी लागणारा दाखला म्हणून शिकवतो, ही माझी तक्रार आहे.

थोडा इतिहास. खानदेशातली कॉलेजं पूर्वी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, बांभोरीजवळ गिरणेच्या काठी त्याचा परिसर उभा राहिला, आणि जळगाव, धुळे व पुढे वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे त्याच्याकडे आले. जीवशास्त्र प्रशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. २०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. शाळा न शिकलेल्या बहिणाबाईंची नजर किती बारीक होती, हे प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात येतं. मी ते इथे पुन्हा वापरत नाही.

या विषयाकडे पोरं येतात कशी, हेही बघायला हवं. बारावीला बायोलॉजी घेतलेलं असतं, नीटचा स्कोअर लागत नाही, बीएएमएसची फी झेपत नाही, मग कुणीतरी सांगतं, ‘मायक्रो घे, मेडिकलच्या जवळचं आहे.’ वर्गात मुली जास्त असतात. पारोळा, एरंडोल, साक्री, शिंदखेड्याहून एसटीने येणाऱ्या. त्यातल्या कित्येकींच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं दुसरं कुणी नसतं. या पोरींच्या जिद्दीबद्दल मला शंका नाही. अडचण ‘मेडिकलच्या जवळचं’ या समजुतीत आहे. तिच्यामुळे जंतू म्हणजे रोग, प्रयोगशाळा म्हणजे पॅथॉलॉजी आणि एमएस्सी म्हणजे हुकलेल्या डॉक्टरकीची भरपाई असं एक समीकरण पहिल्याच वर्षी डोक्यात बसतं. २०२० च्या कोरोनानंतर विषयाचा भाव वाढला, पण समीकरण आणखी घट्ट झालं. खरं तर खानदेशात हा विषय दवाखान्यापेक्षा शेताच्या कितीतरी जवळ आहे.

आधी उन्हाचं बघा. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळा आला की ते पातळ व्हायचं, आणि काही जिवाणू तर ते पचवूनच टाकायचे. १८८१ च्या सुमारास वाल्टर हेसे या सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेसे हिने उपाय सुचवला: अगार वापरा. ती स्वयंपाकघरात जेली घट्ट करायला अगार वापरायची आणि ही युक्ती तिला जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून कळली होती. अगार चाळीस अंशांच्या खाली आल्यावर गोठतं, पण एकदा गोठलं की पंच्याऐंशीच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे या सगळ्या शास्त्राचा पाया ज्या पदार्थावर उभा आहे, तो उष्ण देशाच्या स्वयंपाकघरातून युरोपात गेला.

आता जळगावचा किंवा भुसावळचा मे महिना घ्या. पारा पंचेचाळिसाला टेकतो. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. खोलीच चाळिशीपार गेली की सदतीस अंशांचा आकडा दारावर नुसता लिहिलेला राहतो. ओतलेली प्लेट गोठायला वेळ काढते. पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं छापलेलं असतं, ती खोली कुठल्या देशातली ते छापलेलं नसतं. इथला शिक्षक या सगळ्याला वैतागतो आणि ते साहजिक आहे. पण याच वैतागात एक प्रश्न पडून आहे. मार्च ते जून तापणाऱ्या, सहा-आठ महिने कोरड्या राहणाऱ्या काळ्या मातीत जे जिवाणू तग धरतात, ते कोणते आणि कसे? रायझोबियमची जी जिवाणू खतं बाजारात येतात, त्यातले किती जिवाणू अशा उन्हात गोदामाच्या पत्र्याखाली जिवंत राहून शेतकऱ्याच्या बियाण्यापर्यंत पोचतात? पाकीट फोडायचं, द्रावणाचे टप्प्याटप्प्याने दहापट पातळ नमुने करायचे, प्लेटवर पसरायचे, वसाहती मोजायच्या. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे करू शकतो. उत्तर कुणालाच आधी ठाऊक नसतं, आणि शेतकऱ्याला ते हवं असतं.

असं काम इथे झालेलंच नाही, असं मी म्हणत नाही. झालेलं आहे आणि चांगलं झालेलं आहे, म्हणूनच मला बोलायला जागा आहे. आपली काळी माती चुनखडीची, तिचा सामू आठाच्या आसपास किंवा वर. जमिनीत लोह भरपूर असतं, पण अशा मातीत ते विरघळत नाही. सामू एक अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजार पटीने घटते. भुईमुगाची कोवळी पानं पिवळी पडतात ती बऱ्याचदा यामुळे. जिवाणूंनाही लोह लागतंच. मग काही जिवाणू सिडेरोफोर नावाचे छोटे रेणू बाहेर सोडतात. ते मातीतलं लोह पकडून आणतात. अशा जिवाणूंचा पिकाला दुहेरी फायदा होऊ शकतो: मुळांशी लोह उपलब्ध होतं आणि रोगकारक बुरशीला ते मिळेनासं होतं. जळगावच्या जीवशास्त्र प्रशाळेत एस. बी. चिंचोलकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं या सिडेरोफोरांवर काम केलं. स्प्रिंगरने २००७ मध्ये ‘मायक्रोबियल सिडेरोफोर्स’ नावाचा ग्रंथ काढला, त्याच्या दोन संपादकांपैकी एक चिंचोलकर होते. हाच धागा पुढे आर. झेड. सय्यद यांनी शहाद्याच्या कॉलेजातून चालवला. शहादा! तिथे बसून जगभर वाचले जाणारे शोधनिबंध लिहिता येतात, ही गोष्ट आपल्या पहिल्या वर्षाच्या वर्गात किती वेळा सांगितली जाते?

आणि या कामाची चाचणी काय, तर एक निळी प्लेट. श्वीन आणि नीलँड्स यांनी १९८७ मध्ये दिलेलं हे माध्यम: त्यातल्या रंगद्रव्याने लोह धरून ठेवलेलं असतं म्हणून ते निळं दिसतं. जिवाणूने सिडेरोफोर सोडून ते लोह हिसकावलं की वसाहतीभोवती नारिंगी वलय उमटतं. हे माध्यम बनवायला किचकट आहे, भांडी आम्लाने धुऊन घ्यावी लागतात, पण करोडोचं यंत्र लागत नाही. आपल्या घरच्या वावरातून आणलेल्या मातीतला जिवाणू निळ्या प्लेटवर नारिंगी कडं काढतो, हे ज्या मुलीने एकदा पाहिलं तिला या विषयाची गोडी वेगळी लावावी लागत नाही.

खरं दुखणं याच्या पुढचं आहे. दरवर्षी एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात विद्यार्थी प्रकल्प करतात. कुणी केळीच्या बागेतून स्युडोमोनास वेगळा करतं, कुणी तेलगिरणीच्या मागच्या मातीतून लायपेज करणारा जिवाणू, कुणी सांडपाण्यातून कोलीफाज, म्हणजे ई. कोलायला मारणारे विषाणू. चार-पाच महिने राबतात, प्रबंध बांधून घेतात, व्हायवा होतो. मग जूनमध्ये विभागाची साफसफाई निघते आणि बहुतेक ठिकाणी ते सगळे स्लँट एकशेएकवीस अंशांवर पंधरा मिनिटं ऑटोक्लेव्हमधून काढून मोरीत जातात. पुढच्या वर्षी नवी बॅच पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. परीक्षेसाठी लागणारे ओळखीचे जिवाणू मात्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या किंवा चंदीगडच्या संग्रहातून पैसे भरून, कुरिअरने मागवले जातात. विकत आणलेल्या ई. कोलायला फ्रीजमध्ये जागा असते, आपल्या मातीतल्या जिवाणूला नसते.

यात काय गमावतो याचा अंदाज यायला एक जुनं उदाहरण पुरेसं आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे थॉमस ब्रॉक आणि त्यांच्याकडे काम करणारा हडसन फ्रीझ नावाचा पदवीचा विद्यार्थी यलोस्टोनच्या गरम झऱ्यांचे नमुने तपासत होते. फ्रीझने त्यातून सत्तर अंशांवर मजेत वाढणारा एक जिवाणू वेगळा केला. १९६९ मध्ये त्यांनी त्याला थर्मस अक्वाटिकस हे नाव दिलं. त्याचा उपयोग काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं. पण त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: तो जिवाणू अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन या संग्रहात जमा केला. दीड-दोन दशकांनी कॅरी मलिसला पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, सुचलं, तेव्हा उकळीच्या जवळ टिकणारं एन्झाइम हवं होतं, आणि ते या जिवाणूत सापडलं. २०२० मध्ये नाकातला स्वॅब ज्या तंत्राने तपासला गेला, त्यातल्या एन्झाइमचा उगम एका बीएस्सीच्या पोराने वेगळ्या केलेल्या आणि फेकून न दिलेल्या जिवाणूत आहे.

आपल्याकडे चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. गरम पाण्याचा झरा, शरभंग ऋषींची दंतकथा, त्वचारोगावर गुण येतो म्हणून आंघोळीला येणारी माणसं. तिथे थर्मसचा भाऊबंद मिळेल आणि विद्यापीठ श्रीमंत होईल, असलं स्वप्न मी विकत नाही. बहुधा मिळणार नाही. पण तिथलं पाणी दर ऋतूला तपासून त्यातले जिवाणू जपून ठेवणं हे खानदेशच्या विद्यापीठाचं काम आहे. शेजारी बुलढाण्यात लोणार आहे. त्या सरोवरातल्या एका जिवाणूच्या नावात ‘लोणार’ आलं, ते हैदराबादच्या शास्त्रज्ञांमुळे; २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा मिठाच्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे कारण सांगितलं पुण्याच्या आघारकर संस्थेने. त्यात गैर काही नाही, त्यांनी काम केलं. मात्र आपल्या दाराशी असलेली गोष्ट दुसऱ्याने येऊन सांगायची, ही सवय पडू नये.

केळीचं तर बोलायलाच नको. रावेर-यावलच्या बागांत पावसाळ्यात सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस येतो. गावात त्याला हरण्या म्हणतात. पानावर पिवळे पट्टे उमटतात, पोंगा सडतो, आणि शेतकरी लावलेली रोपं उपटून बांधावर फेकतो. मावा हा किडा तो पसरवतो, आणि आसपासची काकडीवर्गीय पिकं व तण त्याला आसरा देतात. रोप टिश्यू कल्चरचं असेल तर भांडण सुरू होतं: रोग लॅबमधून आला की बांधावरून? या भांडणात तिऱ्हाईत साक्षीदार हवा, आणि तो कॉलेजची प्रयोगशाळा होऊ शकते. एलायझा किटला पैसे लागतात, मान्य. चवळीसारख्या झाडाच्या पानावर रोगट रस चोळून ठिपके उमटतात का ते बघण्याची जुनी पद्धतही आहे. केळीचा चीक तिला त्रास देतो, पण त्रास देतो तो का आणि तो कसा टाळायचा, हाच एका प्रकल्पाचा विषय झाला. आमच्या वर्गात मोझॅक शिकवतात तो तंबाखूचा, इवानोव्स्की आणि बाइजेरिंक यांच्या नावासकट. तो शिकवावाच. त्याच तासाला खिडकीबाहेरच्या केळीचा उल्लेख येऊ नये, हे काही पटत नाही.

तसंच बीटीचं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत खानदेशच्या बाजारात ‘बीटी’ हा शब्द युरियाइतका सरावाचा झाला. पुढे गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणं थांबवलं, तेही प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. ज्या बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा जनुक त्यात आहे, तो मातीत आणि मेलेल्या अळ्यांमध्ये सापडतो. नमुना तापवून बाकीचे जिवाणू मारले आणि बीजाणूंपासून वाढ घेतली की त्याचे स्फटिक मायक्रोस्कोपखाली दिसू शकतात. कापूस उत्पादकाच्या मुलीला हे पदवी संपेपर्यंत एकदाही पाहायला मिळू नये? हीच गत आंबवलेल्या पदार्थांची: पुस्तक इडली सांगतं. बिबड्यांसाठी तीन दिवस भिजवलेली ज्वारी आणि कुरडईचा आंबूस चीक ज्या घरात दर उन्हाळ्यात असतो, त्या घरातली मुलगी परीक्षेत ल्युकोनोस्टॉकचं उदाहरण म्हणून इडलीच लिहिते.

यावर पहिला आक्षेप नोकरीचा येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. वाळूज, अंकलेश्वर, वापी, गोव्याचं वेर्णा इथल्या औषध कंपन्यांत आपली पोरं क्वालिटी कंट्रोलला लागतात. हवेच्या प्लेटा लावणं, पाण्यातले जिवाणू मोजणं, स्टरिलिटी टेस्ट, रात्रपाळी, आणि प्रत्येक आकड्यापुढे सही. पगार सुरुवातीला बेताचा, तरी घरातला पहिला नियमित पगार असतो. या नोकरीला नाक मुरडणारे बहुतेक पेन्शनवाले असतात. माझा मुद्दा वेगळा आहे. क्यूसीचं काम म्हणजे अनपेक्षित गोष्ट ओळखणं. रोज शून्य येणाऱ्या प्लेटवर एके दिवशी तीन वसाहती आल्या तर त्या कुठून आल्या, हे शोधायची सवय लागते. जिला तीन वर्षं फक्त अपेक्षित उत्तर मिळवायला शिकवलं, ती त्या तीन वसाहती बघून आधी घाबरते. जर्नलमध्ये शेजारणीचे आकडे उतरवायची सवय कारखान्यात गेली तर पुढे तिथून निघणाऱ्या इंजेक्शनपर्यंत पोचते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: अनोळखी नमुना म्हणजे अनोळखी धोका. बरोबर. म्हणून थुंकी आणि रक्त नकोच. माती, पाणी, अन्न घ्या. पाण्यासाठी एचटूएस बाटली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये तयार झालेली ही पद्धत इतकी साधी की कागदाची पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरायचं आणि काळं पडतंय का ते एक-दोन दिवस बघायचं. काळं पडलं तर विष्ठेतल्या जिवाणूंची शंका घ्यायची. आपल्या उन्हाळ्यात इन्क्युबेटरचीही गरज नाही. वापरलेली बाटली मात्र ब्लीचिंग पावडर घालून मगच फेकायची, हे पहिल्या दिवशी शिकवायचं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. हे शिकवणार कोण? कॉलेजांमध्ये निम्मा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली माणसं तासाच्या हिशेबाने पैसे घेतात, सुट्टीत तेही बंद. ठरलेलं प्रॅक्टिकल ठरलेल्या वेळेत संपतं. खरा प्रश्न कधी शनिवारी संध्याकाळी प्लेट बघायला बोलावतो. त्या शनिवारचे पैसे कुणी देत नाही. या माणसाला ‘संशोधनवृत्ती जोपासा’ म्हणून सांगणाऱ्या परिपत्रकाचा राग येतो तो मला समजतो. जागा भरल्याशिवाय यातलं निम्मं होणार नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

उरलेलं निम्मं मात्र आजच्या नियमांत बसतं. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक आलेत. आज ते बहुतेक वेळा गुगलवरून उतरवलेल्या वीस पानांनी भरले जातात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावचा एक नमुना आणायचा, त्यातला एक जिवाणू शुद्ध करायचा, त्याचं जमेल तेवढं वर्णन करायचं आणि तो जमा करायचा. वर्णन चुकलं तरी चालेल, जिवाणू जिवंत हवा. उणे ऐंशीचा फ्रीझर विद्यापीठात असू दे. कॉलेजात वीज जाते हे कारणही चालणार नाही, कारण स्लँटवर निर्जंतुक पॅराफिन तेलाचा थर ओतून ठेवला तर कित्येक जिवाणू वर्षानुवर्षं टिकतात. एक मोठं रजिस्टर लागेल: क्रमांक, गाव, शिवार, पीक, तारीख, वेगळा करणाऱ्याचं नाव. प्रॅक्टिकल परीक्षेचा ‘अ’ स्लँट याच संग्रहातून काढायचा, म्हणजे परीक्षकालाही उत्तर ठाऊक नसेल आणि गुण नावाला न देता तर्काला द्यावे लागतील. रजिस्टर आणि कपाटाची किल्ली कुणाच्या ताब्यात राहणार यावरून विभागात कुरबुर होईल. ते पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलेलं बरं.